फाशीचा दोर आणि ओढणारा हात

फाशीची शिक्षा असावी की नसावी, हा विषय आपल्या घरांत निघाला की दोन तट पडायला वेळ लागत नाही. वडीलमंडळी बहुधा "असावीच" म्हणतात, तरुणांपैकी काहीजण मान हलवतात, आणि चहा संपेपर्यंत विषय दुसरीकडे वळतो. परंतु इस्राएलमध्ये राहणाऱ्या माणसाला हा विषय आता असा चहाबरोबर संपवता येण्यासारखा राहिलेला नाही. खुनाबद्दलची फाशी या देशाने १९५४ साली कायद्यातून काढून टाकली. नाझी आणि त्यांचे हस्तक, वंशसंहार आणि युद्धकाळातील देशद्रोह एवढ्यापुरतीच ती शिल्लक ठेवली. दिवाणी राज्याच्या न्यायालयाने ठोठावलेली आणि प्रत्यक्ष अमलात आलेली फाशी म्हणजे १९६२ सालची आयखमनची. तथापि ७ ऑक्टोबर २०२३ च्या हत्याकांडानंतर दहशतवाद्यांना फाशी द्या ही मागणी जोराने पुढे आली, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये तशा विधेयकाला क्नेसेटने पहिल्या वाचनात संमतीही दिली. तेव्हा आपले मत काय, हे ज्याने त्याने स्वतःशी तरी पक्के करायला हवे.

फाशी मागणाऱ्यांची बाजू दुबळी आहे असे समजून मी लिहीत नाही. आपल्याला तर ती बाजू पुस्तकातून शिकायची गरजच नाही. २६ नोव्हेंबर २००८ रोजी ज्या मुंबईत आपण लहानाचे मोठे झालो तिथे दहा माणसे समुद्रातून उतरली. बोरीबंदर स्टेशन (आता त्याला छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस म्हणतात, पण आपल्या तोंडी बोरीबंदरच), कामा हॉस्पिटल, लिओपोल्ड, ताज, ओबेरॉय ही नावे आपल्यातल्या प्रत्येकाच्या पायाखालच्या वाटांची. कुलाब्याच्या नरिमन हाऊसमध्ये राब्बी गॅव्रिएल होल्ट्झबर्ग आणि त्यांची पत्नी रिव्का यांना मारले गेले. त्यांचा दोन वर्षांचा मोशे वाचला तो सांड्रा सॅम्युएल या त्याच्या आयाने जिवावर उदार होऊन त्याला उचलून बाहेर आणला म्हणून. त्या तीन दिवसांत एकशे सहासष्ट माणसे गेली. दहांपैकी जिवंत सापडला तो एकटा कसाब, आणि २१ नोव्हेंबर २०१२ रोजी सकाळी त्याला पुण्याच्या येरवडा तुरुंगात फाशी दिली. वाचकहो, त्या दिवशी आपल्यापैकी किती जणांना वाईट वाटले? मला वाटले नाही, आणि तसे लिहायला संकोचही वाटत नाही.

पण वाईट वाटले नाही म्हणजे प्रश्न सुटला असे नव्हे. अमुक माणूस मरणाला पात्र आहे का, हा एक प्रश्न. त्याला मारण्याचे काम आपण कोणत्या खात्रीवर आणि कोणाच्या हातांनी करणार, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा "हो" असे येते. फाशीविरुद्ध लिहिणारे लोक तिथेच अडखळतात, कारण त्यांना खुन्याच्या बालपणापासून सुरुवात करावी लागते. मला तशी गरज वाटत नाही. माझी अडचण दुसऱ्या प्रश्नाशी आहे.

आपल्या शास्त्रात देहदंड नाही असे कोणी म्हणेल तर ते खोटे आहे. तोरामध्ये खुनाला देहदंड आहे, शब्बाथ मोडणाऱ्याला आहे, आईबापांना शिव्याशाप देणाऱ्यालाही आहे. मात्र त्याच तोराने दोन साक्षीदारांशिवाय कोणाला मारू नये असे बजावले, आणि अनुवादाच्या सतराव्या अध्यायात आणखी एक अट घातली की ज्यांच्या साक्षीवर माणूस मरणार, त्या साक्षीदारांचाच हात त्याच्यावर पहिला पडला पाहिजे. या अटीकडे आपले सहसा लक्ष जात नाही. साक्ष देऊन घरी जेवायला जाता येत नाही. तू पाहिलेस असे म्हणतोस ना, मग दगडही तूच उचल.

पुढे मिश्नाकारांनी या दाराला इतक्या कड्या घातल्या की ते उघडणेच अवघड व्हावे. देहदंडाचा खटला तेवीस न्यायाधीशांपुढे चालायचा. सुटकेला एका मताचे आधिक्य पुरे, पण दोषी ठरवायला दोन मतांचे हवे. सुटकेचा निकाल त्याच दिवशी देता येई, शिक्षेचा मात्र रात्र गेल्यावर दुसऱ्या दिवशी. म्हणून शब्बाथच्या किंवा सणाच्या आदल्या दिवशी असे खटले घेतच नसत. वडीलधाऱ्या न्यायाधीशाचे मत आधी ऐकून धाकटे दबून जाऊ नयेत म्हणून धाकट्यांना आधी बोलायला लावत. गुन्हेगाराला गुन्ह्यापूर्वी तोंडावर ताकीद दिलेली असली पाहिजे. परिस्थितिजन्य पुरावा चालत नसे. शिमोन बेन शेतह यांनी एका माणसाला दुसऱ्याच्या मागे पडक्या घरात धावत जाताना पाहिले. आत जाऊन बघतात तर एकाच्या हातात रक्ताने ठिबकणारी तलवार आणि दुसरा तडफडतो आहे. तरी दुसरा साक्षीदार नाही म्हणून त्यांना काही करता आले नाही. आजच्या कोणत्याही कोर्टात एवढा पुरावा पुरून उरला असता.

आणि शिक्षा झाल्यावरही कड्या संपत नसत. एक माणूस हातात कापड घेऊन न्यायालयाच्या दाराशी उभा राही, आणि कापड हलवलेले दिसेल इतक्या अंतरावर दुसरा घोड्यावर बसून राही. कैद्याला वधस्थळी नेत असताना कोणी आत येऊन "मला याच्या बाजूने काही सांगायचे आहे" म्हणाला, की कापड हलायचे, घोडा दौडायचा आणि कैदी परत यायचा. स्वतः कैद्याने म्हटले तरी त्याला परत आणत, त्याच्या बोलण्यात काही तथ्य असेल तर चार-पाच वेळासुद्धा.

यावर कोणी म्हणेल की हे नियम लिहिले गेले तेव्हा सान्हेद्रिनच्या हातात कोणाला मारण्याची सत्ताच उरली नव्हती, आणि सत्ता नसलेल्याला दया दाखवणे सोपे असते. आक्षेप रास्त आहे. पण त्या पंडितांनाही तो सुचला होता. मक्कोथ या प्रकरणात त्यांचा वाद नोंदलेला आहे. सात वर्षांत एकाला मारणारे सान्हेद्रिन म्हणजे घातकी सान्हेद्रिन, असे एक मत. राब्बी एलाझार बेन अझर्या म्हणतात, सत्तर वर्षांत एकाला मारले तरी घातकी. राब्बी तार्फोन आणि राब्बी अकिवा तर म्हणतात की आम्ही त्या सभेत असतो तर कोणालाच कधी देहदंड झाला नसता. तेवढ्यात रब्बान शिमोन बेन गमलिएल यांचे उत्तर येते की अशाने तुम्ही इस्राएलात खुनी वाढवाल. मिश्नाने त्यांचे उत्तर शेवटी ठेवले आहे आणि खोडून काढलेले नाही. हा वाद तसाच उघडा सोडला, याबद्दल मला आपल्या पूर्वजांचा आदर वाटतो. पुढे रांबाम यांनी मात्र आपला कल स्पष्ट केला: हजार दोषी सुटले तरी चालतील, एक निर्दोष मरता कामा नये.

कोंकणात आपल्या जमातीजवळ असले ग्रंथ नव्हते. मुकादम, चौगुला आणि काजी गावात बसून निवाडा करीत. दंड करीत किंवा जमातीबाहेर ठेवीत. त्या न्यायाचे कौतुक करण्याचे मला कारण नाही, आपल्याकडच्या कित्येक बाया-माणसांनी तो सोसला आहे. पण त्यात एक गोष्ट होती. बाहेर ठेवलेल्याला परत आत घेता येत असे.

चूक दुरुस्त करता येणे म्हणजे काय, हे बेने इस्राएलांना निराळे सांगायला नको. आयखमनचा खटला आणि अपील चालू होते त्याच सुमारास आपल्या मुलामुलींच्या लग्नांवर आजी-पणजीपर्यंत चौकशीचा नियम बसवला गेला होता. आपण भांडलो, उपोषणे केली, आणि १९६४ साली तो प्रश्न मिटला. जो अपमान झाला तो झाला, पण माणसे जिवंत होती, लग्ने पुढे लागली. दोराचे तसे नाही.

या देशाच्या जन्माबरोबरच एक चूक झाली. ३० जून १९४८ रोजी मेइर तोबियान्स्की या अधिकाऱ्याला हेरगिरीच्या आरोपावरून जेरुसलेमच्या वाटेवरील एका गावात नेले, तिथल्या तिथे लष्करी चौकशी बसवली, आणि त्याच दिवशी गोळ्या घातल्या. वकील नाही, अपील नाही. शहराला वेढा पडलेला, तोफगोळे नेमके मोक्याच्या जागांवर पडत होते, आणि बातमी फोडणारा कोणीतरी हवा होता. वर्षभरातच तो निर्दोष होता असे निष्पन्न झाले. बेन-गुरियन यांनी त्याच्या विधवेला तसे पत्र लिहिले, हुद्दा परत दिला, लष्करी इतमामाने दफन केले. ज्या गुप्तहेर प्रमुखाने हे घडवले त्याला दोषी ठरवून एका दिवसाची कैद सुनावली आणि तीही राष्ट्राध्यक्षांनी माफ केली. एका दिवसात मारलेल्या माणसाची किंमत एक दिवस. तोही भोगावा लागला नाही.

कोणी म्हणेल, ती युद्धाची घाई होती, शांततेत कोर्टे नीट काम करतात. मग देम्यान्युकचा खटला पाहा, कारण तिथे घाई मुळीच नव्हती. १९८६ साली अमेरिकेने त्याला इस्राएलच्या स्वाधीन केले. ट्रेब्लिंकाच्या छावणीत विषारी वायूच्या कोठड्या चालवणारा, लोकांना तलवारीने आणि लोखंडी नळीने छळणारा "इव्हान द टेरिबल" तो हाच, असा आरोप होता. खटला जेरुसलेममध्ये भरसभेत चालला, रेडिओ-टेलिव्हिजनवरून घराघरांत पोचला. ट्रेब्लिंकातून वाचलेल्यांनी एकामागून एक येऊन त्याला ओळखले. एक तर त्याच्यासमोर उभा राहिला, चष्मा काढ म्हणाला, डोळ्यांत पाहिले आणि ओरडला की हाच तो. त्या माणसाने आपले सगळे घरदार तिथे गमावले होते. त्याला खोटारडा म्हणण्याची कोणाची छाती होती? आणि तो खोटारडा नव्हताच. त्याला खात्री होती. एप्रिल १९८८ मध्ये देम्यान्युकला फाशीची शिक्षा झाली तेव्हा कोर्टातले लोक उभे राहून गाऊ-नाचू लागले. त्याच्या बचावाच्या वकिलाच्या तोंडावर पुढे कोणीतरी अॅसिड फेकले.

नंतर सोव्हिएत राज्य ढासळू लागले आणि त्यांची दप्तरे उघडली. ट्रेब्लिंकातल्याच पहारेकऱ्यांचे युद्धानंतर घेतलेले जबाब त्यांत निघाले, आणि त्यांत वायूची कोठडी चालवणाऱ्याचे आडनाव वेगळेच होते: मार्चेन्को. २९ जुलै १९९३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी एकमताने देम्यान्युकला संशयाचा फायदा देऊन सोडले. मिश्नातला तो घोडा पाच वर्षे उशिरा आला, पण आला. दोर आधी पडला असता तर तो कोणासाठी आला असता?

या गोष्टीला आणखी एक वळण आहे, आणि ते गाळले तर मी वाचकांची फसवणूक केली असे होईल. देम्यान्युक काही संत नव्हता. २०११ साली म्युनिकच्या न्यायालयाने त्याला सोबिबोर छावणीतला पहारेकरी म्हणून सुमारे अठ्ठावीस हजार खुनांतील साथीदार ठरवले. अपील चालू असतानाच तो वृद्धाश्रमात मेला. म्हणजे माणूस दोषी होता, पण ज्या गुन्ह्यासाठी आपण त्याला फासावर चढवायला निघालो होतो तो त्याचा नव्हता. "असेना का, कुठल्या तरी पापासाठी मेला असता" असे म्हणणारे मला भेटले आहेत. मग खटला तरी कशाला चालवायचा?

भारतातही हेच दिसते. महाराष्ट्रातल्या भटक्या जमातीतील सहाजणांना २००३ च्या एका भयंकर दरोडा-खून प्रकरणात धरले. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी कायम केली. दहा वर्षांनी, मार्च २०१९ मध्ये, त्याच सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडले आणि प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई देण्यास सांगितले. वाचलेल्या साक्षीदाराने पोलिसांच्या फोटोंतून आधी भलतीच चार माणसे ओळखली होती आणि ती गोष्ट दडून राहिली होती. सोळा वर्षे तुरुंगात गेली. सहाजणांत एक तर गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता. ही माणसे गरीब होती, पालांतून राहणारी होती, वकील मिळेल तो. श्रीमंताच्या गळ्यात दोर क्वचितच पडतो हे मुंबईच्या कोर्टांच्या पायऱ्या चढलेल्या कोणालाही ठाऊक आहे.

आणि कसाबचाच खटला घ्या, ज्यात संशयाला जागा नव्हती असे आपण म्हणतो. कसाबपुरते ते खरेच आहे. त्याचा बंदूक घेतलेला फोटो साऱ्या जगाने पाहिला. पण त्याच खटल्यात त्याच्या शेजारी दोन भारतीय आरोपी बसलेले होते. हल्ल्याच्या जागांचे नकाशे यांनी काढून दिले, असे सरकारी पक्षाचे म्हणणे. पुरावा म्हणून बोरीबंदरवर गोळ्या झाडणाऱ्या दुसऱ्या दहशतवाद्याच्या खिशातला एक नकाशा पुढे केला गेला. त्या माणसाचे कपडे रक्ताने भिजले होते. कागदावर रक्ताचा डाग नव्हता. न्यायाधीशांनी त्यावर विश्वास ठेवला नाही. दोघे सुटले, आणि ती सुटका उच्च आणि सर्वोच्च न्यायालयातही टिकली. मुंबई पेटलेली असताना हा निकाल देणाऱ्या न्यायाधीशाला मी मनोमन नमस्कार केला. पण एखादा कमी हिमतीचा न्यायाधीश तिथे असता तर? जिथे एकाबद्दल शंभर टक्के खात्री होती, तिथेच शेजारच्या दोघांबद्दलची खात्री कागदाच्या एका कपट्याएवढीच होती.

आता सर्वांत कठीण मुद्द्याकडे येतो. २०११ साली गिलाद शालित या एका सैनिकाच्या बदल्यात इस्राएलने एक हजार सत्तावीस कैदी सोडले. त्यांत चार जन्मठेपा भोगत असलेला याह्या सिनवार होता. तुरुंगात असताना त्याच्या मेंदूचा आजार इस्राएली डॉक्टरांनीच बरा केला होता. बाहेर जाऊन त्याने ७ ऑक्टोबर रचला. ज्याचे माणूस त्या दिवशी गेले त्याने मला विचारले की "याला वेळीच लटकवले असते तर?", तर माझ्याजवळ त्याला समाधान होईल असे उत्तर नाही. शिमोन बेन गमलिएल यांचा आक्षेप इतका जड होऊन क्वचितच कोणासमोर उभा राहिला असेल. मी एवढेच म्हणू शकतो की सिनवारला सोडले ते फाशी नव्हती म्हणून नव्हे, तर सरकारने सौदा केला म्हणून. आणि ज्या सौद्याने एका आईला तिचा मुलगा परत दिला त्याला त्या वेळी बहुतेक देशाने टाळ्या वाजवल्या होत्या. दुसरे असे की नोव्हेंबर २०२३ मध्ये फाशीच्या विधेयकाची चर्चा क्नेसेटच्या समितीत निघाली तेव्हा ती थांबवा म्हणून रडून विनवणारे लोक ओलिसांचेच नातेवाईक होते. आपला मुलगा गाझाच्या भुयारात असताना इथे दोराची भाषा त्यांना ऐकवेना. खुन्याला मरेपर्यंत आत ठेवायचे असेल तर त्याची माफी आणि अदलाबदल कायद्याने अवघड करता येते. राष्ट्राध्यक्षांना माफी देता येऊ नये अशी तरतूद क्नेसेटने २०१४ साली केलीही होती. तो मार्ग धरला तर चूक झाल्यास तुरुंगाचे दार उघडता तरी येते.

राहता राहिला हात. ३१ मे १९६२ च्या मध्यरात्री रामलेच्या तुरुंगात आयखमनला फाशी दिली. त्याच रामलेत आज आपली कितीतरी घरे आहेत. मार्टिन बूबर, ह्यूगो बर्गमन यांच्यासारख्यांनी फाशी देऊ नका म्हणून राष्ट्राध्यक्ष बेन-झ्वी यांना विनवले होते. ते मानले गेले नाही. तेव्हा मी असतो तर बूबर यांच्या अर्जावर सही केली असती का, हे मला छातीठोकपणे सांगता येत नाही. आयखमनचे मला दुःख नाही. पण खटका ओढणाऱ्याचे आहे.

त्याचे नाव शालोम नगार. येमेनहून आलेला, पोरका, विशीतला तुरुंगरक्षक. ज्यांची माणसे युरोपात मारली गेली असे पहारेकरी सूड घेतील या भीतीने आयखमनच्या कोठडीजवळ युरोपातून आलेल्यांना ठेवत नसत. पूर्वेकडून आलेल्या तरुणांना ठेवत. म्हणजे कोंकणातून आलेला आपला एखादा पोरगाही तिथे उभा असू शकला असता. नगार आयखमनचे जेवण आधी स्वतः चाखून बघे, विष असेल तर आपण मरू म्हणून. त्याने पुढे सांगितले की इतर रक्षक हे काम करायला तयार होते, आपली तयारी नव्हती. तरी ते त्याच्याच वाट्याला आले. फाशीनंतर प्रेत उचलताना छातीत अडकलेली हवा आवाज करून बाहेर पडली, आणि मेलेला माणूस आपल्याला गिळतो आहे असे त्याला वाटले. प्रेत भट्टीत सारताना त्याचे हात इतके कापत होते की नीट सारता येईना. राख समुद्रात देशाच्या हद्दीबाहेर नेऊन टाकली, पण नगार घरी गेला. पुढे कित्येक दिवस त्याला भयंकर स्वप्ने पडत, तुरुंगाचे जिने चढताना सोबतीला माणूस लागे. सुमारे तीस वर्षे त्याचे नाव बाहेर आले नाही. नंतर तो धर्माकडे वळला, शोहेत झाला. नोव्हेंबर २०२४ मध्ये वारला.

खटला चालवणारे, निकाल देणारे, माफी नाकारणारे, आणि पेपरात वाचून "बरे झाले" म्हणणारे आपण सगळे. यांपैकी कोणाच्या हातून तो खटका ओढला गेला नाही. तोराने साक्षीदाराचा हात पहिला मागितला होता. आपण तो पगारी नोकराचा केला, त्यातही अशाचा की ज्याचे त्या भांडणात स्वतःचे काही नव्हते. नवा कायदा झाला तर हा हात पुन्हा लागेल, आणि तो क्नेसेटमध्ये हात वर करणाऱ्यांपैकी कोणाचा असणार नाही.

माझे मत वाचकांना पटेलच असे नाही. ज्यांना पटत नसेल त्यांनी संपादकांकडे अवश्य लिहून पाठवावे. विशेषतः आपल्या समाजातल्या ज्या भावांनी रामले, बेर शेवा किंवा अन्य ठिकाणी तुरुंगखात्यात नोकरी केली आहे, त्यांनी जरूर लिहावे. त्यांना जे ठाऊक आहे ते आम्हा लेखणीवाल्यांना ठाऊक नसते.